जुनी सायकल : अखंड विकावी की सुटी करून?

साठ-सत्तर वर्षांची सायकल गोठ्याच्या आढ्याला टांगलेली, अथवा पडवीच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेली आहे, अशी घरे बारामती व इंदापूर ह्या दोन तालुक्यांत अद्याप आढळतात. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने हा मुलूख उसाचा झाला. कालव्यावरचा पाटकरी, टपालवाला, प्राथमिक शाळेचा शिक्षक, वालचंदनगर व भवानीनगर येथील कारखान्यांचे कामगार ह्या सर्वांस एके काळी सायकल हेच वाहन होते. पुढे मोटारसायकली आल्या, आणि सायकल आढ्याला गेली. आता घर नव्याने बांधावयास काढले, की ती खाली उतरते, आणि त्याच दिवशी तिच्याविषयी काही तरी निर्णय घ्यावा लागतो. दारावर आलेला भंगारवाला वजनाचा भाव सांगतो. दुसरा कोणी जाणता गिऱ्हाईक येतो, तो म्हणतो, “मला केवळ मागचे चाक व कातडी बैठक द्या, बाकीचे तुम्हांसच राहू द्या.” तिसरा म्हणतो, “सगळी द्या, पण भाव माझा.” ह्या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, हा प्रश्न दिसावयास लहान आहे, परंतु त्यात अंकगणित आहे, यंत्रशास्त्र आहे, आणि थोडासा घरातील माणसांचा विचारही आहे. म्हणून त्याचा अभ्यास करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ह्या वर्षी नववीच्या वर्गात हा प्रश्न पुस्तकातून न येता प्रत्यक्ष उभा राहिला. बारामतीच्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांची रॅले सायकल त्यांच्या पश्चात घरात उरली होती. वडील व चुलते असे दोघे वारस. थोरल्या बहिणीच्या परिचारिकेच्या शिक्षणाचा पहिला हप्ता भरावयाचा होता, व त्यासाठी ती विकावी असे वडिलांच्या मनात होते. चुलत्यांचे म्हणणे असे की, भाग सुटे करावेत, अर्धे त्यांनी विकावेत, अर्धे आपण विकू. म्हणजे हिशेबाचा वाद नको. आजींस मात्र सायकलीला पाना लावणे मुळीच पसंत नव्हते. मुलाने आम्हांस विचारले, “सर, जास्त पैसे कशात येतील?” आम्ही त्यास सांगितले की, आधी सायकल काय आहे ते पाहू, मग पैशांचे पाहू.

जुन्या सायकलीची ओळख तिच्या रंगावरून किंवा नावाच्या पट्टीवरून करू नये. रंग पुन्हा देता येतो आणि पट्टी कोणत्याही फ्रेमवर ठोकता येते. तिच्या अंगावर कारखान्याने कोरलेल्या खुणा पाहाव्यात. रॅलेचा कारखाना इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे १८८७ च्या सुमारास एका लहानशा दुकानापासून वाढला. त्याच्या सायकलींच्या पुढील नळीवर बगळ्याच्या मस्तकाचे चिन्ह असते, आणि फ्रेमचा क्रमांक बहुधा बैठकीखालच्या जोडावर ठोकलेला असतो. आमच्या विद्यार्थ्याच्या सायकलीस मागील चाकात तीन गतींचा स्टर्मी-आर्चर हब होता. हे हब १९०२ पासून होऊ लागले, आणि त्यांतील ‘एडब्ल्यू’ ह्या खुणेचा, १९३६ साली निघालेला प्रकार इतका उत्तम ठरला की, तो अनेक दशके जवळजवळ त्याच स्वरूपात बनत राहिला. हबच्या कवचावर त्याच्या उत्पादनाचे वर्ष दोन अंकांत ठोकलेले असते. मुलांनी घासलेटात भिजविलेल्या फडक्याने मळ काढला, तेव्हा ‘५२’ हे अंक दिसू लागले. म्हणजे हब १९५२ सालचा. (हबचे वर्ष म्हणजे सायकलीचे वर्ष नव्हे, हे ध्यानात असावे, चाक मागाहून बदललेले असू शकते. फ्रेमचा क्रमांक व हबचे वर्ष एकमेकांस जुळतात का, हे पाहूनच बोलावे.)

ह्या हबविषयी दोन शब्द अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाही, कारण अपूर्णांक शिकविण्यास ह्याहून चांगले साधन आम्हांस ठाऊक नाही. मधल्या गतीत मागचे दातेरी चक्र एक फेरा घेते, तेव्हा चाकही एकच फेरा घेते. वरच्या गतीत चक्राच्या एका फेऱ्यास चाकाचे एक पूर्णांक एक तृतीयांश फेरे होतात. खालच्या गतीत पाऊण. वरच्या व खालच्या गतींचा गुणाकार केला तर बरोबर एक येतो! हे सर्व मुठीएवढ्या कवचात, लहान लहान दातेरी चक्रे एका मधल्या चक्राभोवती फिरून साधले जाते. नॉटिंगहॅम येथील तो कारखाना २००० साली बंद झाला व त्याचे नाव तैवानमधील सनरेस कंपनीकडे गेले. तथापि जुन्या हबांचे पुष्कळसे आतले भाग आजही मिळू शकतात. म्हणूनच सुटा हब विकत घेणारा गिऱ्हाईक पुण्यामुंबईस काय, परदेशीही भेटतो.

असो. आता दुसरी खूण. मुलांस आम्ही चाकांच्या तारा मोजावयास सांगितल्या. जुन्या इंग्रजी रोडस्टर सायकलींस पुढील चाकात ३२ व मागील चाकात ४० तारा असत. कारण स्वाराचे व कॅरिअरवरील ओझ्याचे वजन मागल्या चाकावर अधिक येते. मागील चाकात ४० भरल्या. पुढील चाकात मात्र ३६! तीनदा मोजल्या, तरी ३६. म्हणजे पुढील चाक मूळचे नव्हे. केव्हा तरी ते मोडले, आणि त्या जागी दुसरे घातले गेले. घरी विचारता आजींनी सांगितले की, एकदा पालखीच्या गर्दीत सायकल खड्ड्यात गेली होती व चाक दुमडले होते. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीवरून सणसरकडे जाते, त्याच रस्त्यावरची ती गोष्ट. बाकी सायकल बहुतेक मूळचीच होती. ब्रूक्सची कातडी बैठक फाटलेली नव्हती, साखळीचे पूर्ण झाकण होते, ब्रेकच्या लोखंडी दांड्या सरळ होत्या, काळ्या रंगावरील सोनेरी रेघाही जागोजाग दिसत होत्या. घंटी मात्र बारामतीच्या बाजारातली होती.

येथवर आल्यावर हिशेब करणे शक्य झाले. खालील आकडे आम्ही केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. बाजारभाव म्हणून कोणी ते गिऱ्हाइकापुढे ठेवू नयेत.

असे समजू की, सगळी व मूळ भागांनिशी पूर्ण सायकल ८,००० रुपयांस जाईल. सुट्या भागांची यादी केली : हबसह मागील चाक ३,५००, बैठक २,५००, दिवा व डायनॅमो १,५००, हँडल व ब्रेकच्या दांड्या १,२००, साखळीचे झाकण ८००, फ्रेम व चिमटा १,०००, उरलेले किरकोळ ५००. बेरीज ११,००० होते. मुलांनी लगेच हात वर केले : “सर, सुटे करून तीन हजार जास्त!” अशा बेरजेवरच पुष्कळ जण फसतात. यादीतील प्रत्येक भागास गिऱ्हाईक भेटेल, तेही एकाच महिन्यात भेटेल, आणि भाग काढताना एकही मोडणार नाही, अशा तीन गोष्टी त्या बेरजेत न सांगता गृहीत धरलेल्या असतात. हब, बैठक आणि दिवा ह्यांस गिऱ्हाईक सहज मिळते. त्यांचे ७,५०० झाले. मिस्त्रीची मजुरी ३०० आणि बांधणे व पाठविणे ह्यांस ६०० वजा केले. राहिलेले चौदा किलो लोखंड ३० रुपये भावाने भंगारात दिले, त्याचे ४२०. एकूण हाती ७,०२० रुपये आले. म्हणजे ११,००० चे ७,०२० होतात, आणि सगळी विकली असती तर ८,००० मिळाले असते. हँडल, दांड्या व झाकण हेही विकले गेले असे धरले, तर २,००० वाढतात. त्यांतून पाठवणावळ ३०० व त्या तीन किलोंचा भंगारभाव ९० वजा जाता एकंदर ८,६३० होतात. एवढे सगळे नीट जमले, तर लाभ ६३० रुपयांचा. आणि त्यासाठी किती महिने पडवीत लोखंडाचा ढीग ठेवावयाचा, हा प्रश्न उरतोच.

फ्रेमविषयी मुलांस विशेष नवल वाटले. सायकलीचा सर्वांत मोठा व मुख्य भाग तो, आणि त्यासच सर्वांत कमी मागणी! परंतु कारण उघड आहे. लांबट असल्यामुळे ती पाठविणे महाग. शिवाय रॅलेच्या फ्रेमची एक खोड आहे. इतर बहुतेक इंग्रजी सायकलींच्या क्रँकच्या कटोऱ्यांस एका इंचात २४ आटे असतात, रॅलेने आपले २६ ठेवले. त्यामुळे दुसऱ्या सायकलीच्या कटोऱ्या तीत बसत नाहीत, आणि तिच्या दुसरीत बसत नाहीत. जबरीने फिरविल्या तर दोन्हींचे आटे जातात. तेव्हा रॅलेच्या कटोऱ्या एकदा हरवल्या की ती फ्रेम जवळजवळ पोरकी होते. सगळ्या सायकलीत जी फ्रेम तिच्या ओळखीचा व वर्षाचा पुरावा असते, तीच सुटी होताच चौदा किलोंच्या ढिगातील एक नळी ठरते. जाणता गिऱ्हाईक आधी हब व बैठकच मागतो, ह्याचे कारण हेच. दुधावरची साय त्याने नेली, की मागे राहते त्यास कोणी विचारीत नाही.

आता ३६ तारांचे चाक. ते दाखविल्यावर सगळ्या सायकलीचा भाव ८,००० राहणार नाही; समजा ७,००० झाला. मग एका बाजूस ७,००० आणि दुसऱ्या बाजूस ७,०२०. अंकगणिताने येथे हात टेकले. (मुलांपैकी एकाने सुचविले की, चाकाचे गिऱ्हाइकास सांगूच नये. वर्गातच दुसऱ्याने उत्तर दिले की, जो घेईल तोही तारा मोजीलच. उत्तर व्यवहाराचे होते. न मोजणाऱ्या गिऱ्हाइकासही सांगितलेच पाहिजे, एवढी भर आम्ही घातली.)

हिशेब सम झाला असता निर्णय कशावर करावा? आमच्या मते एकाच गोष्टीवर : कोणता निर्णय उद्या परत फिरविता येईल? सगळी सायकल आज न विकली गेली, तर पुढल्या महिन्यात ती सुटी करता येते. सुटी केलेली पुन्हा सगळी करता येत नाही. नट-बोल्ट पुन्हा आवळता येतात हे खरे. पण क्रँकच्या कॉटर पिना सत्तर वर्षांच्या गंजाने धरलेल्या असतात, त्या हातोड्याने काढताना वाकतात. मडगार्डाचे स्क्रू तुटतात. आणि हब एकाने व बैठक दुसऱ्याने नेल्यावर त्या दोघांस पुन्हा एकत्र कोण आणणार?

ह्यावर कोणी म्हणेल, पुढचे चाक मूळचे नाही, तेव्हा सायकल अपूर्णच आहे. मग मोडण्यास काय हरकत? हा युक्तिवाद फार जुना आहे. १९२१ साली न्यूयॉर्क येथील गॅब्रिएल वेल्स नावाच्या ग्रंथविक्रेत्याने गुटेनबर्गच्या छापील बायबलाची एक प्रत विकत घेतली. मेंझ येथे १४५५ च्या सुमारास छापलेला हा युरोपातील मुद्रणाच्या आरंभीचा थोर ग्रंथ. त्या प्रतीची काही पाने गहाळ होती. पूर्ण नाही, एवढ्या कारणावरून वेल्सने ती उसवली आणि पाने सुटी विकली. लाभ झाला, शिवाय ज्यांस सगळा ग्रंथ कधीच परवडला नसता, अशा ग्रंथालयांस एकेक पान लाभले, हेही खरे आहे. परंतु काही थोडी पाने उणी असलेला तो ग्रंथ आज ग्रंथ म्हणून कोठेही नाही. अपूर्ण व निरुपयोगी हे दोन शब्द एकाच अर्थाचे नव्हेत. सायकलीच्या बाबतीत तर आपली स्थिती वेल्सहून बरी आहे, कारण गहाळ पान छापून आणता येत नाही, पण ३२ तारांचे चाक शोधता येते.

ते चाक इंदापूरकडे मिळाले. बारामतीहून इंदापूर सुमारे ५० किलोमीटर. आमच्या एका पालकांचे घर निमगाव केतकीच्या पुढे आहे. त्यांच्याकडे एक जुनी हर्क्युलिस होती. ती आम्ही सर्वांनी मिळून तपासली, आणि तिच्याविषयी आमचे मत अगदी उलट पडले. कडब्याच्या भाऱ्यांनी पुढील जोडाजवळ फ्रेम तडकली होती, व कोणी तरी विजेच्या वेल्डिंगने ती जोडली होती. अशा जोडाजवळची नळी जाळामुळे कमकुवत होते; वर माणूस बसवून रस्त्यावर न्यावे अशी ती राहिली नव्हती. बैठक नवी, हँडल नवे, मागील चाक नवे, रंग दोनदा दिलेला. पुढील चाक, साखळीचे झाकण आणि एक ब्रेकची दांडी एवढेच मूळचे. ही सायकल आपल्या अंगानेच पूर्वी सुटी झालेली होती. कोणी पाना लावला नव्हता इतकेच. ती सगळी म्हणून विकणे म्हणजे घेणाऱ्याच्या मानेशी खेळणे. म्हणून तिचे भाग करावेत, असे आम्ही त्या पालकांस निःशंकपणे सांगितले. मेलेला हत्तीही सव्वा लाखाचा, अशी म्हण आहे. हा हत्ती सव्वा लाखाचा नव्हता, परंतु त्याचे पुढील चाक ७०० रुपयांस बारामतीच्या सायकलीकडे आले, झाकण एका मिस्त्रीने घेतले, आणि दांडी दुसऱ्या जुन्या सायकलीस लागली. एक सायकल मोडल्याने तीन सायकलींची उणीव भरून आली. सुट्या भागांचा व्यापार सरसकट वाईट मानणारे हे विसरतात.

चाक बसले, पण हब हर्क्युलिसचा, रॅलेचा नव्हे. ३२ तारा भरल्या म्हणून ते मूळचे होत नाही, आणि तसे गिऱ्हाइकास सांगणे भागच होते. तरीही घाट मूळचा आला. ८,००० मधून चाकाचे ७०० वजा जाता ७,३०० उरतात, म्हणजे सुटे करण्याच्या ७,०२० पेक्षा अधिक. आणि सायकल उभी राहते.

जिची किंमत मुख्यतः तिच्या सगळेपणातच आहे, अशी सायकल ज्यांस पाहावयाची असेल, त्यांनी पुण्यास कर्वेनगरातील श्री. विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय अवश्य पाहावे. ते २०१७ साली उघडले. तेथे दुसऱ्या महायुद्धातील बीएसए कंपनीची घडीची सायकल आहे, ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली. दोन पंखवाल्या नटांवर तिची फ्रेम दुमडते, आणि पायडलांच्या जागी आत ढकलता येतील असे दांडे असतात. तिचे ते नट अथवा ते दांडे सुटे विकावयास काढले, तर दुसऱ्या कोणत्या सायकलीस त्यांचा उपयोग? आणि ते दोन नट हरवले, तर उरलेल्या फ्रेमची घडी कशी राहावी? आमच्या खेड्यांतील काळ्या रोडस्टर सायकली इतक्या दुर्मिळ नाहीत. म्हणूनच त्यांच्या बाबतीत विचार करावा लागतो. घडीच्या सायकलीबाबत तो करावाच लागत नाही.

घरातल्या माणसांचे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. चुलत्यांस हिशेबाचा कागद मुलानेच दाखविला. भागांची वाटणी केली असती, तर एकाकडे हब व दुसऱ्याकडे फ्रेम, आणि मग हबवाला जिंकला, फ्रेमवाला हरला, असा नवा वाद उभा राहिला असता, हे त्यांच्या ध्यानात आले. शेताची वाटणी गुंठ्यांनी होते, पण विहिरीची पाळी लावावी लागते, असे ते म्हणाले. आम्हांस हा दृष्टान्त आमच्या सगळ्या विवेचनाहून चांगला वाटला. सायकल सगळी विकावी व पैसे अर्धे अर्धे करावेत, असे ठरले. चुलत्यांनी आपला अर्धा वाटा पुतणीच्या हप्त्यासाठी उसना दिला. हप्त्याची तारीख जवळ होती, म्हणून जून महिन्यापर्यंत सगळ्या सायकलीस गिऱ्हाईक न भेटल्यास हब व बैठक काढावी, असेही त्यांनी लिहून ठेवले. गरज दारात उभी असताना अनिश्चित काळ थांबा, असे आम्ही कोणासही सांगणार नाही. आजींनी मात्र एकच अट घातली की, घंटी द्यावयाची नाही. ती बाजारातली असल्यामुळे सायकलीच्या किमतीत काहीच उणे येत नव्हते, आणि ती काढण्यास एक स्क्रू पुरला.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याच्या एका गृहस्थांनी सायकल नेली. त्यांनी पुढील चाकाच्या तारा मोजल्या, मागील चाकाच्या मोजल्या, आणि पुढील हबचे नाव वाचून तेवढ्यापुरते पैसे कमी केले.

इंदापूरच्या हर्क्युलिसची तडकलेली फ्रेम कोणीच घेतली नाही. त्या पालकांनी ती शाळेस दिली असून, शास्त्राच्या खोलीत खिडकीशेजारी ती टांगली आहे. आठवीच्या मुलांनी तिच्या कटोरीवर पट्टी धरून अर्ध्या इंचातले आटे मोजले. ते बारा भरले.